देवराईला उर्दूत काय म्हणावे?

येत्या मे महिन्याच्या सुट्टीत मी तीन आठवड्यांसाठी कोकणात, संगमेश्वर तालुक्यात जाणार आहे, इन्शाअल्लाह. तिकडे ना कुणाचे लग्न आहे, ना आमचे कुणी नातेवाईक. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरची दाट, सदाहरित राने राखण्यासाठी झटणाऱ्या एका लहान संस्थेला उर्दू आणि मराठी दोन्ही भाषा लिहिता येणारी शिक्षिका हवी होती. मानधन नाही. राहण्या-जेवण्याची सोय संस्थेची, येण्याजाण्याचा खर्च माझा. ही गोष्ट घरात आणि स्टाफरूममध्ये सांगितल्यापासून मला जेवढे प्रश्न विचारले गेले, तेवढे बीएडच्या तोंडी परीक्षेतही विचारले गेले नव्हते. त्यातले काही प्रश्न खरोखर विचार करायला लावणारे होते, म्हणून हे लिहिते आहे.

पहिला प्रश्न सासूबाईंचा. "झाडं लावायला तिकडे माणसं नाहीत का? पिंपरीहून तू कशाला?" माणसे आहेत. संस्थेच्या ताई फोनवर हेच म्हणाल्या, की रोप लावायला शंभर हात येतात, फोटो काढतात आणि निघून जातात. त्यांना गरज आहे हिशेब नीट ठेवणाऱ्याची, नकाशे काढणाऱ्याची, यंत्रे दुरुस्त करणाऱ्याची आणि मुलांना समजेल असे लिहिणाऱ्याची. शास्त्री नदीच्या खोऱ्यात मुस्लिम वस्तीची बरीच गावे आहेत. मुले उर्दू शाळेत शिकतात, घरी कोकणी बोलतात आणि बाजारात मराठी. संस्थेची पत्रके मात्र सगळी मराठीत, आणि ती मराठीही सरकारी अहवालाची. 'जैवविविधतेचे संवर्धन' हे दोन शब्द चौथीच्या मुलापुढे ठेवून पाहा म्हणजे कळेल. माझ्याकडून हवे आहे ते इतकेच: दोन भाषांत एक पुस्तिका, तिथल्या शिक्षकांसाठी दहा पाठांचे टाचण आणि दोन दिवसांचे शिबिर. वीस-बावीस वर्षे मी हेच काम करते आहे, फक्त त्याला कधी 'हुनर' म्हटले नव्हते.

आता त्या रानाविषयी थोडे. आपल्याला वाटते जंगल म्हणजे सरकारचे. रत्नागिरी जिल्ह्यात तसे नाही. सरकारी वन तिथे फार थोडे, बाकीचे रान लोकांच्या मालकीच्या जमिनीवर उभे आहे. एका सातबारावर दहा-दहा नावे, निम्मे वारस मुंबईत, काही आखातात. घरात लग्न निघाले, आजारपण आले की लाकडाच्या व्यापाऱ्याला बोलावतात. तो एका मोसमात अख्खा डोंगर साफ करतो. ऐन, किंजळ, जांभूळ, बेहडा सगळे ट्रकमध्ये. मालकाला मिळणारी रक्कम काही मोठी नसते, पण गरजेच्या वेळी हातात पडते. त्यामुळे या मालकाला 'झाडे तोडू नका' असे नुसते सांगणे म्हणजे उपाशी माणसाला रोज्याची फजीलत सांगण्यासारखे आहे.

या पेचावर पुण्याच्याच एका संस्थेने फार आधीपासून काम केले आहे. डॉ. अर्चना गोडबोले यांनी उभारलेली अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन ही ती संस्था. मी जाते आहे ती संस्था वेगळी आणि अगदी नवी आहे. पण तिथल्या ताईंनी मला सगळ्यात आधी वाचायला दिले ते या फाउंडेशनच्या कामाविषयीच. त्यांनी संगमेश्वरकडच्या रानमालकांशी करार केले. ठरलेली वर्षे रान तोडायचे नाही, त्याबदल्यात मोबदला. शिवाय बेहडा आणि हिरडा ही झाडे उभी ठेवून फक्त फळे गोळा करायची, ती नीट वाळवायची, त्यांना 'फेअरवाइल्ड' नावाचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळवायचे आणि परदेशातल्या वनौषधी कंपन्यांना चांगल्या भावाने विकायची. आपल्या चाकणपासून दोन-अडीच तासांवरच्या भीमाशंकरच्या रानात महादेव कोळी समाजाबरोबरही हिरड्याचे असेच काम झाले आहे.

बेहड्याच्या झाडाची आणखी एक खुबी आहे. जुन्या, जाड बुंध्याच्या बेहड्याला ढोल्या पडतात आणि त्या ढोल्यांत धनेश पक्षी घर करतो. मादी आत बसते आणि ढोलीचे तोंड लिंपून घेते, फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते. पुढे कित्येक आठवडे नर तिला त्या फटीतून फळे भरवतो. पिल्ले मोठी होईपर्यंत त्या कुटुंबाचा सारा भार त्या एकट्यावर. हे वर्गात सांगितले तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "टीचर, म्हणजे नाइट शिफ्टवाला अब्बा." चाकण एमआयडीसीतल्या घरांतल्या मुलांना हा पक्षी लगेच कळतो. धनेशाने खाल्लेल्या फळांच्या बिया दूरवर पडतात आणि त्यातून नवे रान उगवते. झाड गेले की ढोली गेली, ढोली गेली की पक्षी गेला, आणि मग बी नेणारेही कुणी उरत नाही.

सासूबाईंना हे सगळे सांगून फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो इतरीफलने. नजल्यासाठी त्या रात्री झोपताना हकीमसाहेबांनी दिलेले इतरीफल घेतात. इतरीफल हा शब्दच मुळी आपल्या त्रिफळाचा अरबी अवतार: हिरडा, बेहडा, आवळा. युनानीत त्यांना हलीला, बलीला आणि आमला म्हणतात. सह्याद्रीतले फळ, त्याचे संस्कृत नाव अरबांकडे गेले, तिथून हिकमतीच्या किताबांतून फिरून पुन्हा पिंपरीच्या कपाटातल्या बरणीत आले. "म्हणजे माझं औषध तिकडून येतं?" त्यांनी विचारले. तिकडूनच असेल असे नाही, पण असल्याच झाडाचे आहे, असे सांगितले. त्यांनी बरणी पुन्हा एकदा उघडून वास घेतला. विरोध तेव्हापासून निम्मा झाला.

दुसरा प्रश्न जास्त अवघड होता, आणि तो माझ्या मोठ्या दिरांनी विचारला. "आपल्या लोकांचे प्रश्न कमी आहेत का? आधी मोहल्ला बघ, मग जंगल." मी याला उडवून लावत नाही. माझ्या वर्गातली काही मुले कुदळवाडीकडची आहेत. तिथे भंगाराचा मोठा धंदा होता. फेब्रुवारी 2025 मध्ये तिथली हजारो शेड पाडली गेली आणि कितीतरी घरांची मिळकत एका आठवड्यात थांबली. कुणाचा अब्बा गावी गेला, कुणी चाकणला रोजंदारीवर लागला. अशा मुलांसमोर उभे राहून मी धनेश पक्ष्याची चिंता करावी का?

पण त्याच मुलांनी मला लाकूड शिकवले आहे. चाकणच्या कारखान्यांतून गाड्यांचे सुटे भाग लाकडी पॅलेटवर आणि खोक्यांत भरून जातात-येतात. वापरून झालेली पॅलेट भंगारात येतात, तिथे खिळे काढून फळ्या सुट्या होतात. चांगली फळी पुन्हा पॅलेटला, बाकीची बेकरीच्या भट्टीला. या मुलांना फळी पाहून सांगता येते की हे पाइन आहे, बाहेर देशातून आलेले. त्यावर गव्हाच्या ओंबीचा छाप आणि 'एचटी' ही अक्षरे असतात, म्हणजे कीड मरावी म्हणून लाकूड तापवले आहे. आणि छाप नसलेली, रंगाने गडद, वजनाने जड फळी म्हणजे 'जंगलवुड'. जंगलवुड हे काही झाडाचे नाव नाही. कुठल्या तरी डोंगरावरची चार-सहा जातींची मिसळ. कोणत्या डोंगरावरची ते ना मुलाला माहीत, ना त्याच्या अब्बाला, ना फळीवर कप्लिंगची पेटी ठेवणाऱ्या कंपनीला. मला दिरांना एवढेच सांगायचे होते की मोहल्ला आणि जंगल यांच्यात वाटते तेवढे अंतर नाही, मधे फक्त एक ट्रक आहे. ते ऐकून घेतात, पण त्यांचे पूर्ण समाधान झालेले नाही. माझेही झालेले नाही. कुदळवाडीच्या मुलांसाठी सुट्टीत चालवते तो वाचनवर्ग यंदा तीन आठवडे एका सहकारी आपांकडे सोपवला आहे, आणि त्याचे मनाला लागते.

तिसरा प्रश्न कुणी विचारला नाही, तो मला स्वतःलाच पडला. कोकणातले जे थोडे अस्सल जुने रान शिल्लक आहे, ते बहुतेक देवरायांमुळे. गावाच्या देवाच्या नावाने राखलेला झाडांचा पट्टा. तिथली काडीही कुणी तोडत नाही. माधव गाडगीळ आणि डॉ. वर्तक यांनी 1970 च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा शास्त्रज्ञांचे लक्ष त्यांच्याकडे गेले. आता उर्दू शाळेतल्या मुलाला देवराई राखायला सांगायचे तर कोणत्या शब्दांत? शब्दशः तर्जुमा केला तर 'देवताओं का जंगल' असा होतो. पालक म्हणतील, टीचर काय शिकवतात हे? आणि देवराईची माहितीच वगळली, तर त्या रानाची खरी कहाणीच वगळल्यासारखे होईल. शिवाय त्या गावातले हिंदू शेजारी शेकडो वर्षे ते राखत आले, त्यांचा मान ठेवणेही आलेच.

आमच्या मोहल्ल्यातल्या मौलानांना विचारले. वाटले होते, टाळतील. त्यांनी बसवून घेतले आणि हिमा शिकवला. हिमा म्हणजे राखीव कुरण, राखीव रान. हुजूर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी मदीनेजवळचे नकीअ हे ठिकाण घोड्यांसाठी राखून ठेवले होते. मदीनेचा हरम तर आपल्याला ठाऊकच आहे. तिथली झाडे तोडायची नाहीत, शिकार करायची नाही. पण मला सगळ्यात भिडली ती हजरत उमर (रजि.) यांची गोष्ट, जी सहीह बुखारीत आली आहे. त्यांनी हिमाच्या राखणदाराला ताकीद दिली, की ज्याच्याकडे थोडीच उंटे, थोड्याच शेळ्या आहेत त्याला आत येऊ दे. इब्ने औफ आणि इब्ने अफ्फान यांच्या कळपांना मात्र येऊ देऊ नकोस. त्यांची जनावरे मेली तरी त्यांना शेतीवाडी आहे, बागा आहेत. गरिबाची मेली तर तो मुलाबाळांना घेऊन माझ्या दारात उभा राहील. चौदाशे वर्षांपूर्वी राखीव रानाचा नियम करताना आधी गरिबाच्या चुलीचा विचार केला होता. संगमेश्वरच्या रानमालकाशी करार करताना याहून वेगळे काय करायचे असते?

मौलानांनी सुचवले की देवराई हा शब्द तसाच ठेवा, ते त्या रानाचे नाव आहे, नावाचा तर्जुमा होत नाही. समजावताना लिहा: 'गाव का महफूज जंगल', आणि शेजारी हिमाची गोष्ट द्या. शिवाय मुलांना आपल्या कब्रस्तानातली जुनी झाडे मोजायला सांगा. हे मला सुचले नव्हते. खरेच, कब्रस्तानातले झाड कुणी सहसा तोडत नाही. पुस्तिकेतला तिसरा पाठ आता तोच आहे: आपल्या गावातली न तोडलेली झाडे. देवराईतली, कब्रस्तानातली, मशिदीच्या अंगणातली, शाळेमागची. सगळी एका तक्त्यात.

रोप लावण्याची हदीस आपण जलशांतून खूप ऐकतो, की हातात रोप असताना कयामत येऊन ठेपली तरी जमल्यास ते लावून टाकावे. लावलेल्या झाडाचे पाखराने खाल्ले तरी तो सदका. उभे झाड राखण्यावरही तेवढेच बोलले जावे असे मला वाटते. बाहेरच्या मुस्लिम देशांत ही चर्चा पुढे गेली आहे. इंडोनेशियात वर्षावने आहेत, वाघ आणि ओरांगउटान आहेत. तिथल्या उलेमांच्या परिषदेने 2014 मध्ये नष्ट होत चाललेल्या प्राण्यांची शिकार आणि व्यापार याविरुद्ध फतवा दिला आणि 2016 मध्ये जंगले जाळण्याविरुद्ध. ती जंगले जाळली जातात त्याचे एक कारण पामतेलाच्या बागा, आणि पामतेलाचा सर्वात मोठा खरेदीदार आपला देश. रमजानमध्ये भजी तळताना हे आठवले की जरा अवघडायला होते.

आणि आपल्या घरातलेच उदाहरण हवे असेल तर सलीम अलींचे आहे. 1896 चा जन्म, मुंबईचे बोहरा घराणे, आईबाप लहानपणीच गेलेले, मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी वाढवले. नोकरी नव्हती त्या काळात ते अलिबागजवळ किहीमला राहिले आणि सुगरण पक्ष्याचा संसार महिनोन्‌महिने पाहत बसले. त्या अभ्यासानेच त्यांचे नाव झाले. पुढे केरळच्या सायलेंट व्हॅलीतले वर्षावन धरणाखाली जाऊ नये म्हणून ज्यांनी आवाज उठवला त्यांत तेही होते. 1984 मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झाले. आमच्या शाळेतल्या भिंतीवर त्यांचे चित्र आहे, पण 'पक्षीतज्ज्ञ' या एका शब्दापलीकडे मुलांना काही ठाऊक नसते.

आता तयारीचे. सगळ्यात जास्त वेळ शब्दांच्या वहीत गेला. चार रकाने: शास्त्रीय नाव, मराठी, कोकणातले बोलीतले, उर्दू. जांभूळ म्हणजे जामुन, बिब्बा म्हणजे भिलावाँ, हे सोपे. ऐन आणि किंजळ यांना उर्दूत नेमके काय म्हणावे याचा शोध घेतला आणि शेवटी स्थानिक नावच नस्तालीकमध्ये लिहायचे ठरवले. मुलाने झाड ओळखावे हे महत्त्वाचे. मी लखनौचा शब्द शोधून आणला तर तो त्याच्या डोंगरावर कुणालाच कळणार नाही. उर्दूची जुळणी इनपेजमध्ये करायची सवय होती, पण ती फाइल तिकडच्या मोबाइलवर उघडत नाही, म्हणून युनिकोडमध्ये टाइप करायला शिकले. मुलीने शिकवले, आणि शिकवताना माझेच वाक्य मला ऐकवले: "लक्ष कुठे आहे?"

संस्थेकडून मी एक कागद लिहून घेतला आहे. काय लिहून द्यायचे, कधीपर्यंत, मजकूर तपासणार कोण, छपाईचा खर्च कुणाचा, नंतर मजकूर बदलायचा झाल्यास मला विचारणार की नाही. स्टाफरूममध्ये काहींना हे चमत्कारिक वाटले. फुकटच्या कामाला कसला करार? मला वाटते फुकटच्या कामालाच जास्त लागतो. पैसे घेतले असते तर दोघांनाही जबाबदारीची आठवण आपोआप राहिली असती. तिथल्या शिक्षकांशीही आधी फोनवर बोलले. त्यांच्या सुट्टीत शिबिर आहे, त्यांनी का यावे, हे त्यांच्याकडूनच ऐकायचे होते. एक सर म्हणाले, "मॅडम, भाषण नको. वर्गात वापरता येईल असं काही द्या, आणि दुपारी दोनच्या आत सोडा, नंतर एसटी नाही." टाचणाच्या पहिल्या पानावर ते लिहून ठेवले आहे.

तब्येतीची तयारी थोडक्यात: धनुर्वाताचे इंजेक्शन, पायात बूट, पूर्ण सलवार मोज्यात खोचलेली. रत्नागिरी जिल्हा फुरशांसाठी प्रसिद्ध आहे. हा वीतभर-हातभर लांबीचा विषारी साप पालापाचोळ्यात दिसतही नाही. जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात सर्पदंशाची लस ठेवतात आणि रात्री गाडी कोण देईल, हे दोन प्रश्न संस्थेला पहिल्याच फोनमध्ये विचारले. दोन्हींची उत्तरे लगेच मिळाली, तेव्हा माणसे कामाची आहेत असा विश्वास बसला.

पैशांचे म्हणाल तर प्रवास फार महाग नाही. 2023 पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे. कोल्हापूरहून आंबा घाट उतरून साखरप्यावरून देवरुख. खरा खर्च आहे सुट्टीतल्या शिकवण्यांचा. दहावीत जाणाऱ्या मुलांची मे महिन्याची शिकवणी मी दरवर्षी घेते आणि त्यातून मुलीच्या क्लासची फी निघते. यंदा ती अर्धीच निघेल. याबद्दल मुलीचे अब्बा आणि मी दोन रात्री वही घेऊन बसलो. ते चाकणला एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात टूलरूममध्ये आहेत. फीचे कसे जमवायचे ते ठरले, आणि नंतर त्यांनी सहज विचारले की बेहड्याच्या फळाचे करतात काय. साल काढून बी वेगळी करावी लागते, बायका दगडाने फोडतात, बोटे ठेचतात, असे मी सांगितले. ते गप्प झाले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "ताईंना सांग, दहा-वीस फळं पाठवा. सुकलेली आणि ओली, दोन्ही. आणि एका दिवसात किती किलो फोडतात तेही विचार."

फळे कुरिअरने आली. गेले तीन रविवार आमच्या गॅलरीत व्हर्नियर कॅलिपर, बेहडे आणि जुन्या सायकलचा दट्ट्या एवढा पसारा आहे. पहिल्या नमुन्यात बी फुटून सालीत मिसळली. दुसऱ्यात फळ निसटून शेजाऱ्यांच्या दारावर आपटले. त्यांच्या कारखान्यातले दोन फिटर आता या कामात आपणहून आले आहेत. एक जण वेल्डिंगवाला आहे, कोकणात कधीच गेलेला नाही. चाकणच्या पट्ट्यात आपल्या मोहल्ल्यांतून किती हातांना अशी कामे येतात, त्याची मोजदाद कुणी केली नसेल. त्यांना कुणी विचारत नाही एवढेच.

आमच्या वर्गातल्या मुलांनी तिथल्या मुलांसाठी पत्रे लिहिली आहेत. एकाने विचारले आहे, धनेश तुम्ही खरोखर पाहिला आहे का, की पुस्तकातच आहे? एकीने पाइन आणि जंगलवुडच्या दोन लहान चिपा चिकटवून खाली लिहिले आहे: यातले तुमचे झाड कोणते? ती चिप किंजळीची आहे की आणखी कशाची, ते तिथल्या कुणा म्हाताऱ्या सुताराला विचारावे लागेल.

यंदा बकरी ईद मे महिन्याच्या अखेरीस येते आहे. परतीचे तिकीट त्याच्या पाच दिवस आधीचे आहे. सासूबाईंनी तांदळाच्या भाकरीचे पीठ आणि एक डबा लाडू बरोबर द्यायचे ठरवले आहे, आणि येताना वाळलेला बेहडा आणायला सांगितला आहे. हकीमसाहेबांना दाखवायचा आहे म्हणतात.